उत्तरेची थंडी आणि आमची आगोट

रत्नागिरीत कुठल्याही सभेत कोकणच्या विकासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. थंड देशांतली माणसे उद्योगी, कारण हिवाळा त्यांना स्वस्थ बसू देत नाही. आमची हवा घामट, म्हणून आमचा माणूस सुस्त. नॉर्वे-स्वीडनचे दाखले दिले जातात. जरा अधिक वाचलेला वक्ता टिळकांचेही नाव घेतो. हे मत चुकीचे आहेच, शिवाय त्याने आमचे फार नुकसान केले आहे. दोष हवेवर टाकला की माणसांनी लावलेल्या व्यवस्थेला कोणी जाब विचारत नाही.

आधी टिळकांचे पाहू. १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदांतल्या दीर्घ उषांच्या वर्णनांवरून त्यांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ मानले. आजचे संशोधक तो निष्कर्ष मानत नाहीत. पण टिळक म्हणतात काय? हिमयुग येण्यापूर्वी तिथली हवा सुखद होती. बर्फ पसरले आणि माणसांना ती भूमी सोडावी लागली. म्हणजे त्यांच्या मांडणीतही थंडी माणसाला घडवत नाही, घराबाहेर काढते.

आणि अलीकडच्या इतिहासातही तसेच घडले आहे. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचे छोटे गलबत बावन्न माणसे घेऊन अमेरिकेला निघाले. तेव्हा अख्ख्या नॉर्वेची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन देश सोडून गेले. फिनलंडमध्ये १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात बाराजणांमागे एक या प्रमाणात माणसे मेली. हिवाळा तेव्हाही तितकाच कडक होता. पुढे दैन्य गेले, हिवाळा राहिला. मग संपन्नतेचे कारण हिवाळ्यात कसे सापडेल?

यावर प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा असा, की हिवाळ्याने त्यांना बेगमी शिकवली, दूरदृष्टी दिली. बेगमी? असे म्हणणाऱ्याने मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या घरात आठ दिवस राहावे. माझी काकी अक्षयतृतीया झाली की आगोटीला लागायची. खळ्यात एका बाजूला आमसुले, दुसऱ्या बाजूला साटे. आठळ्या धुऊन, वाळवून, मातीत घोळून ठेवलेल्या. सोडे आणि सुकट उन्हात खडखडीत वाळली की ती एक सोडा मोडून बघायची. कट्कन तुटला नाही तर पुन्हा ऊन. मग डब्यात, झाकणाला फडके बांधून. पडवीत लाकडे आणि शेणी छातीपर्यंत रचलेल्या, झडीच्या बाजूला माडाची झापे लावलेली. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, समुद्र बंद, वहाळ भरलेले. आमचा पावसाळा हाच आमचा हिवाळा. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात. ती हिकमत आणि काकीची हिकमत एकाच जातीच्या.

आणि सुस्ती म्हणाल, तर गिरणगावातल्या दमट, कोंदट खात्यांत तीन पाळ्यांनी राबून घरी मनीऑर्डर पाठवणारा रत्नागिरीचाच माणूस होता.

मग फरक कशाने पडला? माझे उत्तर आहे, हक्काने. नॉर्वेत शेतीजोगी जमीन तीनेक टक्के, कोकणापेक्षाही डोंगराळ मुलूख. पण १८१४ च्या त्यांच्या राज्यघटनेनेच वडिलोपार्जित जमिनीवरच्या घराण्याच्या हक्काला संरक्षण दिले आणि जमीनधारक शेतकऱ्याला मतही दिले. त्या काळात आमच्याकडे खोती होती. कूळ भात पिकवायचे, अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या घरी जायचा, वर वेठ. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले. कायद्याने खोती जायला १९४९ उजाडले. ज्याच्या घामाचे पीक दुसऱ्याच्या कणगीत जाते, त्याने जमिनीत जीव का ओतावा? त्याला आळस म्हणणे हा अन्याय आहे.

मासळीचेही तेच. १९३० च्या दशकात भाव कोसळले तेव्हा नॉर्वेचे मच्छीमार व्यापाऱ्यांच्या मुठीत होते. १९३८ च्या कायद्याने ठरले की मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंस्थांमार्फतच होईल आणि किमान भाव त्या संस्था ठरवतील. 'त्यांच्याकडे तेल आहे हो' असे म्हणणाऱ्यांनी सन पाहावा: तेलाचा मोठा साठा १९६९ मध्ये सापडला, त्याच्या तीस वर्षे आधीचा हा कायदा. १९५० च्या दशकात हेच नॉर्वेजियन केरळात नीण्डकरा इथे यांत्रिक नौका आणि बर्फ घेऊन आले. नौका आल्या, बर्फ आला, हा कायदा मात्र आला नाही.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर नौका लागताना कोणीही उभे राहून बघावे. डिझेल, बर्फ, जाळे यांसाठी ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच टोपल्यांत बांगडा पडतो. बोली सुरू होण्याआधीच अर्धी संपलेली असते. रात्रभर दर्यावर जागलेला तांडेल बाजूला विडी ओढत उभा असतो. भाव त्याला शेवटी कळतो.

आमच्या सहकारी संस्था आहेत, मत्स्य महाविद्यालय शिरगावात आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने हिशेबाला पुरेसे आहेत. पहिल्या विक्रीचा हक्क संस्थेकडे, किमान भाव आधी जाहीर आणि उचल व्यापाऱ्याऐवजी संस्थेकडून, एवढे तीन ठराव एका आगोटीत मांडता येतील. ऑगस्टमध्ये पहिली नौका परत येईल तेव्हा भाव त्या तांडेलाला सर्वांत आधी कळलेला असावा.