यंत्राला ईद कोण शिकवणार?

व्यापारी बांधवांनो, हल्ली बाजारात एक बोलणे सारखे कानावर येते : "आता कॉम्प्युटरच सगळे सांगतो, डोके कशाला शिणवायचे?" दुसरीकडे आमच्या वयाचे कित्येक दुकानदार या यंत्राला हात लावायलाही तयार नाहीत. आमच्या मते दोघेही नुकसानीत आहेत.

आमचाच किस्सा ऐका. मुलांच्या आग्रहावरून आम्ही दुकानात एक प्रोग्राम बसवला. तो विक्रीच्या बिलांवरून शिकतो आणि कोणता माल कधी व किती भरावा ते सांगतो. २०२३ साली ईद-उल-फित्र २२ एप्रिलला आली, २०२४ साली ११ एप्रिलला. दोन्ही वर्षी मोठी विक्री एप्रिलच्या आसपास झाली, एवढेच त्याने ओळखले. २०२५ साठी त्याचा सल्ला आला : ड्रेस मटेरियल आणि कुर्त्याचे कापड मार्चअखेर भरा. आम्ही ऑर्डर देऊन मोकळे झालो. चार दिवसांनी आमचे जुने मुनीमचाचा वही बघून म्हणाले, "सेठ, यंदा मार्च संपता संपता ईद आहे. हा माल विकायचा कुणाला?"

निम्मी ऑर्डर आम्ही कशीबशी आधी उचलली. निम्मा माल ३१ मार्चच्या ईदनंतर आला आणि बकरी ईदपर्यंत फळीवर पडून राहिला. पैसा अडकला. व्यापाऱ्यांचा तगादा सोसला तो आम्ही, यंत्राने नव्हे.

दोष कुणाचा? हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, हे आमच्या घरातले पोरही जाणते. यंत्राला ते कुणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. पुढे मुलाने प्रत्येक बिलाला हिजरी तारीख जोडली. तेव्हापासून त्याचा अंदाज बराच जुळू लागला. कोणता रंग रमजानच्या पहिल्या अशऱ्यात खपतो आणि कोणता शेवटच्या, हे त्याने दाखवले तेव्हा मुनीमचाचाही चकित झाले. चाचांचा तजुर्बा आणि यंत्राची याददाश्त, दोन्ही मिळून धंदा सुधारला.

बुद्धिबळातही असेच घडले. जगज्जेता गॅरी कास्पारोव १९९७ साली डीप ब्लू या कॉम्प्युटरकडून हरला. पुढच्याच वर्षी स्पेनमधील लेऑन शहरात तो आणि वेसेलिन टोपालोव, दोघेही शेजारी कॉम्प्युटर ठेवून एकमेकांशी खेळले. २००५ साली अशाच एका स्पर्धेत दोन हौशी अमेरिकन खेळाडू तीन कॉम्प्युटर घेऊन बसले आणि ग्रँडमास्टर मंडळींना मागे टाकून जिंकले. यंत्राला काय विचारावे आणि त्याचे कुठे ऐकावे, हे त्यांना उमगले होते. आज पटावर यंत्र एकटेच माणसाला भारी पडते, हे खरे. पण बाजार म्हणजे चौसष्ट घरांचा पट नव्हे. इथे चांद दिसतो, लग्ने पुढे ढकलली जातात, माग बंद पडतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंत्राला विचारण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहा. मग त्याचे उत्तर शेजारी ठेवा. फरक पडला तर का पडला ते शोधा. त्या शोधातच अक्कल वाढते. ज्यांचे शिक्षण आमच्यासारखे उर्दू शाळेत झाले त्यांनी लाजू नये, मोबाईलवर आता उर्दूत बोलूनही लिहिता येते. कारागिरांनीही आपल्या कामाचा हिसाब असा ठेवावा.

मात्र मुलांचे पाढे बंद करू नका. ज्या मुलाला सव्वा-दीडचा हिसाब तोंडी येत नाही, त्याला यंत्राची चूक कधीच दिसणार नाही. आणि दुकानातल्या जुन्या मुनिमाला "आता तुमची गरज नाही" असे म्हणण्याआधी एकदा त्याची वही उघडून बघा.