कोयनेलची बाटली

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्विनीनशी आमची गाठ पडते ती औषध म्हणून नव्हे. सौम्य गंधकाम्लात विरघळवलेल्या क्विनीन सल्फेटवर अतिनील किरण टाकले की द्रावण निळसर उजळते. शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे सुमारे 54 फोटॉन ते परत देते. हा आकडा इतका भरवशाचा आहे, की इतर पदार्थांची प्रतिदीप्ती आजही त्याच्याशी ताडून मोजतात. परवा एका विद्यार्थिनीने बाटलीवरची चिठ्ठी वाचून विचारले, "सर, हे तर मलेरियाचे औषध ना? मग आता का देत नाहीत?"

सोपे उत्तर मी लगेच दिले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातील गंभीर हिवतापाचे 1,461 रुग्ण होते. क्विनीन दिलेल्यांपैकी 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी 15 टक्के. एवढा फरक दिसल्यावर वादाला जागा उरली नाही.

अवघड उत्तर मात्र त्या बाटलीत मावणारे नव्हते.

आपल्या पुस्तकांत क्विनीनची गोष्ट अँडीज पर्वतातल्या सालीपासून सुरू होते आणि 1820 मध्ये पॅरिसला पेल्तिए व काव्हाँतू यांनी तो रेणू वेगळा केला, तिथे बहुधा संपते. माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढची आहे. 1860 च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मंगपू येथे सिंकोनाची लागवड झाली. इथे जोमाने वाढली ती तांबड्या सालीची जात. तिच्यात क्विनीन कमी, पण त्याची तीन भावंडे असलेली अल्कलॉइडे भरपूर. ती कामाची आहेत का, हे पाहण्यासाठी 1866 मध्ये मद्रास इलाख्यात आयोग नेमला गेला. चारही अल्कलॉइडे मिळून 2,472 रुग्णांना दिली गेली. त्यांतले 2,445 बरे झाले. आजच्या कसोटीवर ही चाचणी तोकडी आहे. हिवतापाचा परजीवी तेव्हा कुणी पाहिलेलाही नव्हता. तो दिसला 1880 मध्ये. तरीही निष्कर्षाची दिशा योग्य होती: भावंडेही जवळपास तितकीच गुणकारी. त्यातूनच मंगपूला 'सिंकोना फेब्रिफ्यूज' हे स्वस्त मिश्रण तयार होऊ लागले.

पण प्रतिष्ठा होती ती शुद्ध, पांढऱ्या क्विनीनला. 1892 पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. (आपल्याकडच्या जुन्या पिढीला हेच 'कोयनेल' ठाऊक, कडूपणाला दुसरी उपमाच नसे.) योजना चांगली होती, पण देशातल्या तापाच्या मानाने पुड्या थोड्या. शुद्ध क्विनीनच्या बाबतीत डचांच्या जावा बेटावरील झाडांशी कुणाचीच बरोबरी होईना आणि जगाचा सुमारे नऊ दशांश पुरवठा त्या एका बेटावर येऊन ठेपला. मार्च 1942 मध्ये जावा जपानच्या हाती गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. उपासमारीतून वाचलेल्या असंख्य लोकांना हिवतापाने नेले, आणि तेव्हा क्विनीन दुर्मीळ झाले होते. रेणू वेगळा करून तोवर 120 वर्षे उलटली होती!

आज आर्टेमिसिनिनही मुख्यतः एका वनस्पतीतूनच काढले जाते. त्याला अंशतः दाद न देणारे परजीवी रवांडा आणि युगांडात आढळले आहेत. आपल्या ईशान्य भारतात आर्टेसुनेटच्या जोडीचे औषध निष्प्रभ ठरू लागल्याने 2013 मध्ये औषधांची जोडीच बदलावी लागली. आणि आपले हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे 2030 चे.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रतिरोधाची जिल्हावार माहिती वेळच्या वेळी खुली व्हावी आणि औषधाचा कच्चा माल एकाच दारातून येऊ नये, मग त्यासाठी दोन पैसे जास्त मोजावे लागले तरी चालतील. स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, हा युक्तिवाद मला समजतो. जावाचे क्विनीनही असेच घेतले जात होते.

नव्या रेणूच्या बातम्या मीही हौसेने वाचतो, पुढे पाठवतो. पण गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या उपकेंद्रात ऐन जुलैमध्ये गोळ्यांचा किती आठवड्यांचा साठा आहे, हा आकडा मला त्या बातमीशेजारी छापलेला पाहायचा आहे.