प्रत्येक जुना खोकला क्षय नव्हे
अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नोंदींनुसार, ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये क्षयेतर मायकोबॅक्टेरियांमुळे होणारा फुप्फुसविकार १९९७ ते २००७ या काळात लाखामागे २० वरून ४७ वर गेला. माती-पाण्यातले हे जिवाणू आधीच्या आजाराने कमकुवत झालेल्या फुप्फुसांत ठाण मांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयाच्या जिवाणूंसारखेच दिसतात. क्षयाचे रुग्ण जास्त असलेल्या भारतात इथेच गफलत होते. क्षयाची औषधे सुरू होतात, गुण येत नाही आणि वृद्ध रुग्णावर ‘औषधांना दाद न देणारा क्षय’ असा शिक्का बसतो. म्हणून थुंकीत जिवाणू दिसूनही जनुकीय चाचणीत क्षय आढळला नाही, तर कल्चर करून जिवाणूची जात ओळखणे बंधनकारक हवे. उपचार वर्षाहून अधिक चालतात. ते चुकीच्या रोगावर चालू नयेत.