वेशीवर पहारा, परसदार मोकळे

किरकोळ व्यापारात परकीय भांडवल येऊ द्यावे की नाही, या प्रश्नावर आपल्या देशात एके काळी मोठेच रण माजले होते. २०११ साली सरकारने परवानगीचा निर्णय केला व विरोधापुढे नमून तो स्थगित ठेवला. २०१२ च्या सप्टेंबरात मात्र तो अमलात आणला. अटी कडक होत्या. नाना जिनसांचे दुकान काढणाऱ्या परकीयाची भागी एकावन्न टक्क्यांपलीकडे नसावी; त्याने किमान दहा कोटी डॉलर आणावेत; निम्मी रक्कम शीतगृहे, गुदामे, वाहतूक यांवर घालावी; कारखानी मालापैकी तीस टक्के लहान उत्पादकांकडून घ्यावा; आणि राज्य सरकारची संमती मिळवावी.

आम्हीही तेव्हा विरोधकांतच होतो. परंतु पुढे घडले काय? या अटी पत्करून मोठी म्हणावी अशी एकच कंपनी, इंग्लंडातील टेस्को, २०१४ साली टाटांच्या दुकानांत भागीदार झाली. इतरांसाठी दुसरेच दार उघडले. स्वतः माल न विकता विक्रेता व गिऱ्हाईक यांची इंटरनेटवर केवळ गाठ घालून देणाऱ्या ‘बाजारा’त परकीय भांडवल शंभर टक्केही चालेल, असे २०१६ साली सरकारने स्पष्ट केले. दोनच वर्षांनी वॉलमार्टने सुमारे सोळाशे कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टची तीन चतुर्थांशाहून अधिक मालकी घेतली. येथे शीतगृहाची अट नाही, लहान उत्पादकाची नाही, राज्याच्या संमतीचीही नाही! बाजार चालविणाऱ्याने आपली भागी असलेल्या विक्रेत्यांचा माल तेथे विकू नये, असा नियम २०१८ च्या अखेरीस करावा लागला, यातच दुकान आणि बाजार हा भेद किती तकलादू आहे ते उघड होते.

यावर कोणी म्हणेल की, गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो आणि आडगावच्या विणकरालाही मुंबईचे गिऱ्हाईक लाभते. हे आम्हांस मान्य आहे. नाक्यावरचा वाणी काही संत नव्हे; मापात मारणारेही आम्ही पाहिले आहेत. पण हातावर पोट असलेल्याला पावसाळ्यात तारून नेते ती त्याच वाण्याची उधारीची वही. ती मिटली, तर तिची जागा कोण घेणार, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

आणि दोष एकट्या सरकारचा नाही. वाण्याच्या कैवारासाठी दिवसा निषेधपत्रकावर सही करणारे आम्ही पांढरपेशे रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तूरडाळ मागवितो. वाण्याच्या गल्ल्याला गळती लागली आहे ती आमच्याच बोटांनी.

परकीय भांडवल मुळातच विष आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे एवढेच की, न्यायाचे माप एक असावे. शेतकऱ्याच्या व लहान उत्पादकाच्या नावाने ज्या अटी घातल्या, त्या खरोखर त्यांच्या हिताच्या असतील, तर दुकानाइतक्याच बाजारालाही लागू करा. नसतील, तर दोघांनाही माफ करा. वेशीवर पहारा बसवून परसदार मोकळे ठेवणे याला धोरण म्हणत नाहीत.