घुमटाचा रोजमेळ

नाशिकला पावसाळा सरून आकाश निवळले की गच्चीवरील घरगुती वेधशाळा पुन्हा उघडतात. तेव्हा एक अडचण हटकून येते: दुर्बीण ताऱ्याकडे वळलेली असते, घुमटाची फट मात्र भलतीकडे. आकाश दर ४ मिनिटांना १ अंश सरकते. स्वयंचलित घुमटाला त्यासोबत वळावे लागते. तो किती वळला, हे त्याच्या कडेला टेकलेल्या चाकावरील संवेदक मोजतो. चाक दर फेरीत १ अंश घसरले, तर १० फेऱ्यांत १० अंशांची तूट साचते.

कडेवर खडूची खूण करून घुमट एकाच दिशेने १० फेऱ्या फिरवावा. तूट सारखी वाढत गेली, तर चाक घसरते आहे किंवा नोंदवलेले माप चुकीचे आहे. एकाएकी उडी पडली, तर सैल तार शोधावी. एका ठिकाणी लोहचुंबक व त्याची कळ बसवली की तेथे मोजणी प्रत्येक फेरीत शून्यावर येते. घसरण त्याने थांबत नाही. पण मागील बाकी पुढे ओढली जात नाही.

पेढीवर रोकड रोज जुळवतात. श्रावकही संवत्सरीची वाट न पाहता रोज प्रतिक्रमण करतो. त्या शब्दाचा अर्थच परत फिरणे असा आहे.