म्हणे, ती केवळ वाहक!

वैद्यकाच्या पुस्तकांतील एका शब्दाशी माझे भांडण आहे. सणासुदीला भांडण उकरून काढू नये हे मलाही कळते. पण सणासुदीला घर भरलेले असते आणि ऐकायला सारी बायकामाणसे जवळ असतात, म्हणून आताच काढतो. तो शब्द म्हणजे ‘वाहक’.

घरातल्या मुलाला हिमोफिलिया निघाला, म्हणजे रक्त वेळेवर न गोठण्याचा विकार निघाला, की त्याच्या आईला सांगण्यात येते, “हा रोग पुरुषांचा. तुम्ही केवळ वाहक. तुम्हांला काही होत नाही.” या एका वाक्याने त्या माउलीच्या पदरात दोन गोष्टी पडतात. मुलाच्या दुखण्याचा ठपका तिच्यावर येतो, आणि तिचे स्वतःचे दुखणे मात्र कुणी मोजीत नाही. अहो, एस. टी.च्या वाहकालासुद्धा खड्ड्यांचे धक्के बसतातच की!

या समजाचे मूळ एका सोप्या हिशेबात आहे. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन; पुरुषाच्या पेशीत एक्स एकच आणि जोडीला चिमुकले वाय. रक्त गोठविणाऱ्या आठव्या आणि नवव्या घटकांची जनुके एक्सवर बसलेली. पुरुषाचे एकुलते एक एक्स सदोष निघाले तर त्याला आधार उरत नाही. बाईचे एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. शाळकरी पोरालाही पटावा असा हा हिशेब आहे. निसर्गाने मात्र तो असा मांडलेला नाही.

एक्सवर प्रथिने घडविणारी आठशेंहून अधिक जनुके आहेत. वायवर शंभराच्या आसपास. बाईची दोन्ही एक्स पूर्ण जोराने चालली, तर तिच्या पेशीपेशीत दुप्पट माल तयार व्हावा. तसे झाले तर शरीराचे गणितच बिघडेल. हा तोल सांभाळण्याच्या युक्त्या निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळ्या आहेत. फळमाशीत नराचे एकटे एक्स दुप्पट राबते, ए. एस. मुखर्जी आणि बीरमान यांनी १९६५ साली ते दाखवून दिले. मातीतल्या एका सूक्ष्म कृमीत दोन्ही एक्सचा वेग निम्म्यावर आणला जातो. कांगारूची मादी बापाकडून आलेले एक्स सरसकट बंद ठेवते. तेव्हा कांगारूंच्या घरी ‘पोरगी अगदी बापावर गेली हो’ असे म्हणण्याची, निदान एक्सपुरती, सोय नाही.

माणसाचा प्रकार याहून मौजेचा आहे. १९४९ साली कॅनडात बार आणि बर्ट्रम या दोघांना मांजरांच्या मज्जापेशींत एक गडद ठिपका दिसला, तोही फक्त माद्यांत. तो ठिपका म्हणजे गुंडाळून ठेवलेले एक एक्स, हे पुढे १९५९ मध्ये ओह्नो यांनी ओळखले. आणि १९६१ साली इंग्लंडातील हारवेल येथे उंदरांचे ठिपकेदार रंग न्याहाळणाऱ्या मेरी लायन या बाईंनी सगळे कोडे एका छोट्याशा टिपणात उलगडले. गर्भ अगदी इवलासा असतानाच त्याची प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करते. कुठे बापाचे, कुठे आईचे, नेम नाही. एकदा झालेला निर्णय त्या पेशीची पुढची सारी प्रजा पाळते. हे कुलूप घालणारे एक्सिस्ट नावाचे जनुक १९९१ साली सापडले. त्यातून निघणारा आरएनए प्रथिन बनवीत नाही. ज्या एक्सवरून निघतो त्यालाच गवसणीसारखा लपेटतो. (काही जनुके त्यातूनही निसटतात आणि चालूच राहतात, पण तो विषय आज नको.)

म्हणजे बाईचे शरीर ही दोन घराण्यांच्या लुगड्यांची गोधडी आहे. काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजर पाहा. ती बहुधा मांजरीच असते, बोका क्वचितच. तिच्या अंगावर ही गोधडी उघड दिसते, आपल्या आयाबहिणींत ती आत असते.

आता ‘दुसरे एक्स सांभाळून घेते’ या वाक्याकडे पुन्हा पाहा. कुठे सांभाळणार? ज्या पेशीत चांगले एक्स बंद झाले, त्या पेशीत सांभाळायला कोणी नाही. यकृतातल्या बहुसंख्य पेशींत तसे घडले, तर रक्त गोठविणारा घटक त्या बाईतही घटतो. तिची पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही, दात काढला की रात्रभर रक्त वाहते, बाळंतपणात जिवावर बेतते. आणि घरातली वडीलधारी म्हणतात, “बायकांचे हे असायचेच.” डॉक्टरही मान डोलावतात, कारण त्यांच्या कागदावर ती केवळ वाहक असते!

हीच गत लाल पेशींतल्या जी-६-पीडी या विकराच्या उणिवेची. पारशी समाजात ती अधिक आढळते. हिवतापावर प्रायमाक्विन देताना पुरुषाचा दोष साध्या चाचणीत पकडला जातो. बाईच्या रक्तात निर्दोष आणि सदोष पेशी मिसळलेल्या. चाचणी तिला बिनदिक्कत पास करते, आणि औषध पोटात गेल्यावर सदोष पेशी फुटू लागतात.

रक्ततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली परिभाषा बदलली. घटकाचे प्रमाण शेकडा चाळिसाच्या खाली असेल तर त्या बाईलाही हिमोफिलियाची रुग्णच म्हणावे, असे ठरले. मेरी लायन यांच्या टिपणानंतर साठ वर्षांनी! विज्ञानाला जे १९६१ सालीच कळले, ते रुग्णाच्या कागदावर उतरायला एवढा काळ का लागावा? कारण, मला वाटते, एवढेच, की त्रास होणारी बाई होती आणि तक्रार करायची तिला सवय नव्हती.

कोणी म्हणेल, घरच्या सगळ्या बायकांच्या तपासण्या कुठून आणायच्या? मी सगळ्यांच्या मागत नाही. आजारी मुलाची आई, बहीण, मावशी, आणि हिमोफिलिया असलेल्या बापाची प्रत्येक मुलगी, कारण बापाचे ते एकुलते एक्स तिच्याकडे यायचेच. एवढ्यांच्या रक्तातील घटकाचे प्रमाण मोजा. आणि ते लग्नाआधी स्थळे पाहताना नव्हे, तर पाळी सुरू होतानाच, शस्त्रक्रियेआधी, बाळंतपणाआधी मोजा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. मुलाचे रक्त ज्या प्रयोगशाळेत, ज्या यंत्रावर तपासले, त्याच यंत्रावर आईचेही तपासता येते.