हातातील दुर्बोधता

मराठी समीक्षेने दुर्बोधतेच्या प्रश्नावर जेवढी शाई खर्च केली आहे, तेवढी फार थोड्या प्रश्नांवर केली असेल. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या आणि तेव्हापासून हा वाद निरनिराळी रूपे घेत चालूच राहिला. त्या वादातून एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी निश्चित झाली. कवितेतील दुर्बोधता कधी कधी अपरिहार्य असते, कारण तिच्यामागचा अनुभवच गुंतागुंतीचा असतो. अशा वेळी वाचकाने आपली तयारी वाढवावी, असे म्हणण्याचा अधिकार कवीला पोहोचतो. हाच अधिकार नित्य वापराची वस्तू घडविणाऱ्याला पोहोचतो काय? माझे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. आणि तरीही हा अधिकार आपण ज्या एका वस्तूच्या निर्मात्याला मुकाट्याने देऊन बसलो आहोत, ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणी संचाचा रिमोट.

विषय क्षुल्लक आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असे म्हणणारे म्हणतील. त्यांना मी ज्या गावी राहतो त्या म्हैसूरचाच एक दाखला देतो. आपल्या देशातील प्रसारणाला ‘आकाशवाणी’ हा शब्द याच गावाने दिला. महाराजा कॉलेजातील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राला हे नाव मिळाले आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. गोपालस्वामी अभियंते नव्हते. ते मानसशास्त्राचे अध्यापक होते. यंत्रापलीकडे बसलेल्या माणसाला काय ऐकू येते आणि काय कळते, याचा विचार करणे हा त्यांचा व्यवसायच होता. परके यंत्र घरात येताना त्याला जवळचा शब्द मिळाला पाहिजे, ही जाणीव या प्रसारणाच्या आरंभीच होती. ती आज का उरली नाही, हा माझा प्रश्न आहे आणि तो साहित्याच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

याच म्हैसुरात हा प्रश्न बिकट केव्हा झाला, तेही सांगता येते. केबलवरील प्रक्षेपणाच्या अंकीकरणाचा दुसरा टप्पा देशातील ३८ शहरांसाठी होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्या यादीत पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांच्या जोडीला म्हैसूरही होते. तोपर्यंत केबलची तार थेट संचात शिरत असे आणि संचाबरोबर आलेला एक रिमोट सर्व कामांना पुरेसा होई. अंकीकरणानंतर तार सेट-टॉप बॉक्समध्ये जाऊ लागली. वाहिनी बॉक्स बदलणार आणि चित्र संच दाखवणार, अशी कामांची वाटणी झाली. या वाटणीबरोबर घरात दुसरा रिमोट आला. चित्रांचा दर्जा सुधारावा आणि ग्राहकांची नेमकी मोजदाद व्हावी, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला. दोन निरनिराळ्या कारखान्यांत जन्मलेले हे दोन रिमोट एकाच हातात कसे नांदणार, याचा विचार कोणी केला, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

आता समीक्षकाच्या सवयीने ही वस्तू एक संहिता म्हणून वाचून पाहू. चाळीस-पंचेचाळीस बटणांचा रिमोट हा अपवाद नाही. बहुतेक घरांत तो असतोच. त्यातील दिवसभरात लागणारी बटणे पाच-सहा, आणि तीही उरलेल्या गर्दीत त्याच आकाराची, त्याच रंगाची. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांत भेद न करणारा लेखक आपण वाईट लेखक मानतो. ‘मेनू’, ‘होम’, ‘गाइड’, ‘ऑप्शन्स’ हे शब्द शेजारी शेजारी असतात. ते समानार्थी आहेत की भिन्नार्थी, हे संहितेवरून ठरत नाही. उलट ‘पॉवर’ हा एकच शब्द दोन्ही रिमोटांवर असतो आणि दोन वेगळ्या यंत्रांना उद्देशून असतो. एका यंत्राने दुसऱ्याला आज्ञा द्यावी आणि एकाच रिमोटवर काम भागावे, अशी तांत्रिक व्यवस्था अस्तित्वात आहे. पण तिला एक कंपनी ‘एनीनेट प्लस’ म्हणते, दुसरी ‘सिंपलिंक’ आणि तिसरी ‘ब्राव्हिया सिंक’. एकाच क्रियेला जो तो आपापले विशेषनाम देऊ लागला, तर भाषा उरत नाही, केवळ जाहिरात उरते. या सर्वांवर आपल्या घरांतून प्लॅस्टिकचे वेष्टन चढवले जाते, कारण वस्तू महाग असते आणि जपून वापरायची असते. मग मुळातच बारीक असलेली अक्षरे त्याआड आणखी पुसट होतात.

याहून गंभीर दोष व्याकरणाचा आहे. साधा रिमोट अवरक्त किरणांच्या स्पंदनांतून संचाला संकेत पाठवतो, पण संचाकडून त्याला काहीही परत येत नाही. हा एकतर्फी निरोप असतो. संच चालू आहे की बंद, हे रिमोटला ठाऊक नसते; म्हणून चालू करणे आणि बंद करणे या दोन विरुद्ध क्रिया एकाच बटणावर लादलेल्या असतात. दोन यंत्रे असली की त्यांची पावले चुकतात. संच जागा होतो तेव्हा बॉक्स झोपी जातो, आणि बॉक्सला उठवू जावे तर संच मिटतो. त्यात ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ नावाचे बटण चुकून दाबले गेले, तर संच बॉक्सकडे पाहणेच सोडून देतो आणि निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटतात. चित्र कोठेही गेलेले नसते; बॉक्स ते इमानाने पाठवीतच असतो. परंतु पडद्यावरचे वाक्य तसे सांगत नाही. आता काय करावे, हे तर मुळीच सांगत नाही.

या क्षणी घराघरांत जे संभाषण होते, त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. “आई, तू काहीतरी भलतेच दाबलेस,” असे मुलगा म्हणतो, आणि आई म्हणते, “मी काही केलं नाही रे, माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं.” या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. कर्ता मागे सरकला आहे, कर्म अनिश्चित आहे, आणि सारे वाक्य गुन्ह्याच्या कबुलीसारखे झाले आहे. माझ्या परिचयाच्या येथील एका वृद्ध मराठी बाई पंचवीस वर्षे शाळेत गणित शिकवीत होत्या. मुलगा परदेशी, सून परदेशी. संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या एवढाच मराठी आवाज त्यांच्या घरात उरलेला. त्यांनी वहीच्या कागदावर वाहिन्यांचे क्रमांक लिहून तो रिमोटच्या पाठीला चिकटवला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत नवी दररचना आली, वाहिन्या पुन्हा निवडून घ्याव्या लागल्या, आणि त्यांच्या घरी क्रमांकही बदलले. तो कागद निरुपयोगी झाला. आता पडदा निळा झाला की शेजारचा मुलगा शिकवणीहून परत येईपर्यंत त्या तशाच बसून राहतात. शेजाऱ्यांना वारंवार बोलावणे त्यांना संकोचाचे वाटते. ज्या बाईंनी शेकडो मुलांना समीकरणे सोडवायला शिकवले, त्या आज स्वतःविषयी “मला यातलं कळत नाही” असे म्हणतात. त्यांना न कळण्यासारखे त्यात काही नाही. ते कळेल असे मांडलेले नाही, एवढेच. मांडणाऱ्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी बसला आहे आणि तिने तो मान्यही केला आहे. मला संताप येतो तो या मान्यतेचा.

मराठीत या शब्दाची एक उपरोधिक कथा आहे. १९९५ साली महाराष्ट्रात युतीचे शासन आले तेव्हा सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे यांनी सांगितले, आणि तेव्हापासून ज्याच्या हाती खरी सत्ता त्याच्या हाती रिमोट, असा अर्थ आपल्या भाषेत रूढ झाला. घरातील वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. रिमोट हाती असलेली व्यक्ती तेथे सर्वांत परावलंबी असते. रूपक रुळले, पण ज्या वस्तूवरून ते घेतले ती वस्तू आपल्या शब्दाला जागली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, लहान मुलांना हे सहज जमते. तेव्हा वृद्धांनी शिकून घ्यावे. मुलांना जमते याचे कारण चुकण्याचे भय त्यांना नसते आणि चुकांसाठी लागणारा वेळ त्यांच्यापाशी असतो. वाट चुकलेल्या दहा जणांपैकी तिघे घरी पोहोचले, म्हणून पाटी नीट लावली होती असे ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की, यंत्र जितके सामर्थ्यवान तितकी बटणे अधिक असणारच. रॉबर्ट अॅडलर यांनी अमेरिकेतील झेनिथ कंपनीसाठी केलेला ‘स्पेस कमांड’ हा रिमोट १९५६ साली बाजारात आला. त्यात अॅल्युमिनियमच्या कांड्यांवर आघात होऊन कानाला न कळणारा नाद उमटे. हातातल्या भागाला विजेची बॅटरीही लागत नसे आणि बटणे अवघी चार होती. आज चार पुरणार नाहीत, हे उघड आहे. परंतु चारावरून चाळिसावर जाताना प्रत्येक बटणाला त्याची आवश्यकता कोणी विचारली होती काय? डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्याच्या वस्तूंवरील आपल्या ग्रंथात हेच बजावले होते, की माणसे वस्तू वापरताना वारंवार चुकत असतील, तर दोष वस्तूच्या रचनेत शोधावा. अलीकडचे काही रिमोट बारा-पंधरा बटणांचे झाले आहेत, ही सुधारणा म्हणावी तर त्यांतील तीन-चार बटणे चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांच्या नावांची असतात. आईला बातम्या लावायला सरळ बटण नाही. दुकानात जायला मात्र आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. बटणांवर मराठी किंवा कन्नड अक्षरे छापली की प्रश्न सुटेल, असे माझे म्हणणे नाही. शासकीय कोशांच्या धाटणीचा ‘दूरनियंत्रक’ कोणी उच्चारत नाही, आणि ‘म्यूट’च्या जागी ‘निःशब्द’ लिहिल्याने गोंधळ कमी होत नाही. अव्यवस्थेचे भाषांतर ही अव्यवस्थाच असते. परंतु भाषा मुळीच नको, असेही नाही. काही संचांत पडद्यावरची भाषा बदलण्याची सोय असते. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग इंग्रजी याद्यांमधून जातो. जिला इंग्रजी येत नाही तिच्यासाठी केलेली सोय इंग्रजी येणाऱ्यालाच सापडावी, याला काय म्हणावे!

यंत्र आणि अक्षर यांच्या संघर्षात मराठी लेखक पूर्वी गप्प बसत नव्हते. देवनागरीचे खिळे कमी करण्याच्या उद्योगात टिळकांनी लक्ष घातले. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली, आणि तिच्या ‘अ’च्या बाराखडीचा अवलंब किर्लोस्कर नियतकालिकांनी केला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडवला. आज असंख्य लोक मराठी वाचतात ते त्याच्याच अक्षरांत. यांपैकी प्रत्येकाशी आपण सहमत असू असे नाही. परंतु घरात आणि छापखान्यात आलेले यंत्र कसे असावे, हे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे, असे ही माणसे मानीत होती. आपण तो हक्क सोडला. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी आपण भांडतो आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राने २०२२ साली सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली, कर्नाटकाने २०२४ साली फलकांचा साठ टक्के भाग कन्नडला दिला. पण दिवसातून वीस वेळा हाती येणाऱ्या या पाटीविषयी दोन्ही राज्यांत शांतता आहे.

मागण्या साध्या आहेत. चालू करण्याचे आणि बंद करण्याचे बटण वेगळे असावे. आवाज आणि वाहिनी यांची बटणे मोठी आणि अंधारात बोटांना ओळखू येतील अशा आकारांची असावीत. काहीही बिघडले तरी नेहमीच्या चित्राकडे परत नेणारे एक बटण असावे, आणि ते कधीही दगा देणारे नसावे. ‘नो सिग्नल’ऐवजी, आता कोणते बटण दाबावे, हे पडद्याने घराच्या भाषेत सांगावे. बॉक्स देणाऱ्याने तो संचाशी जोडून, एकाच रिमोटवर चालवून दाखवल्याखेरीज घराबाहेर पडू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याचे ४३ वे कलम, सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंना चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. मंदावलेली दृष्टी आणि थरथरणारी बोटे यांचा विचार त्या कलमाच्या आशयाबाहेरचा नाही. शासनाने ते कलम उघडून वाचावे आणि ग्राहकसंघटनांनी त्याला ते वाचायला लावावे.

समीक्षकांकडेही माझे एक मागणे आहे. आपण पुस्तकाच्या छपाईतील चुका दाखवतो, पाठ्यपुस्तकांतील बोजड वाक्यांवर टीका करतो. लाखो घरांत रोज वाचली जाणारी, आणि वाचणाऱ्याला अडाणी ठरवणारी ही संहिता परीक्षणावाचून का राहावी? तिचे लेखक अनामिक आहेत, म्हणून ते जबाबदारीतून सुटत नाहीत. पुढच्या वेळी निळ्या पडद्यासमोर बसलेली एखादी आई “माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं” असे म्हणेल, तेव्हा तिला निदान एवढे तरी ठामपणे सांगावे, की चूक तुझी नाही. ज्याने हे लिहिले, त्याला लिहिता आलेले नाही.